सुटे भाग मिळत नसताना व्हॉल्व्हचा रेडिओ कसा दुरुस्त करावा

माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढला की प्लग लावून बघायचा मोह होतो. तो आवरा. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर शॉर्ट झाले, तर पॉवर ट्रान्स्फॉर्मर जळतो, आणि तसा दुसरा मिळणे फार कठीण.

आधी व्हॉल्व्हचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांचे, नंबर वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४ असे 'यू'चे नंबर दिसले, तर त्या सेटची शासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सच्या विजेला जोडलेली असते. नवख्याने त्याला हात लावू नये. पुढचे सगळे ईएल ८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह), ईझेड ८० (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह) असलेल्या ट्रान्स्फॉर्मरवाल्या सेटसाठी.

प्लग काढलेला असला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये, २५० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त वीज साठलेली असू शकते. १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्सने ती उतरवा आणि मीटरने खात्री करा.

आता तोच भाग शोधत फिरू नका; तो काय काम करतो ते बघा. ॲल्युमिनियमच्या डब्यातला ५०+५० मायक्रोफॅरडचा (एकात दोन) फिल्टर कंडेन्सर गेला असेल, तर त्याच्या तारा सोडवून शासीखाली ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन सुटे बसवा. डबा जागेवरच राहू द्या. याहून मोठा कंडेन्सर घालू नका. ईझेड ८० ला ५० मायक्रोफॅरडच्या वर झेपत नाही.

ईएल ८४ च्या ग्रिडला (आवाजाचा सिग्नल जिथे शिरतो ती जाळी), म्हणजे पिन २ ला, जाणारा कागदी कंडेन्सर मी न तपासताच बदलतो. तो गळू लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होते आणि व्हॉल्व्ह तापून मरतो. ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर पुरतो.

आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या ट्रान्स्फॉर्मरची, तार आतून तुटली की लोक रेडिओ भंगारात देतात, याचे मला फार वाईट वाटते. २३० चे ६ व्होल्ट करणारा १ अँपिअरचा साधा ट्रान्स्फॉर्मर घ्या. २३० ची बाजू ईएल ८४ ची पिन ७ आणि एचटी (व्हॉल्व्हना जाणारा जास्त व्होल्टचा डीसी) यांच्या मध्ये, ६ ची स्पीकरला. वेढ्यांचे प्रमाण साधारण ३८, त्याचा वर्ग सुमारे १४५०. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५८०० ओहमसारखा दिसतो. ईएल ८४ ला ५२०० च्या आसपास हवे असतात. खर्ज थोडा कमी होतो, पण बातम्या, गाणी स्वच्छ ऐकू येतात. वाइंडिंगवाला भेटला, तर मूळ ट्रान्स्फॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणे केव्हाही चांगले.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे रेडिओची वीज त्या बल्बमधूनच जाईल. एलईडी चालत नाही. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा.

काढलेले भाग पिशवीत घालून कॅबिनेटमध्येच ठेवा. सोबत काय, कुठे बदलले याची चिठ्ठी.