श्रेयांकभारित सरासरी: ग्रेड कशी वाचावी आणि सीजीपीए कसा काढावा

गुणपत्रकावर ४.० हा आकडा दिसला, तर पेढे वाटावेत की सुटलो एकदाचे म्हणावे, हे तो आकडा कोणत्या देशातील विद्यापीठाने दिला आहे यावर अवलंबून असते. अमेरिकेतील प्रचलित मोजपट्टीत ४.० हे शिखर आहे, तर जर्मनीत १.० सर्वोत्तम मानले जाते आणि ४.० मिळवणारा विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण ठरतो. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात आणि १० गुणांना उत्तीर्ण धरतात. ब्रिटनमधील पदवीला साधारणपणे ७० टक्क्यांपासून प्रथम वर्ग सुरू होतो, त्यामुळे तेथील ६८ टक्क्यांकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. म्हणून हिशोबाला बसण्यापूर्वी पाहायची ती मोजपट्टी. ती बहुधा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते आणि नेमकी तीच बाजू कोणी वाचत नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेली दहा अंकी मोजपट्टी अनेक विद्यापीठांनी स्वीकारली आहे. तिच्यात प्रत्येक ग्रेडला एक आकडा, म्हणजे ग्रेड पॉइंट, ठरलेला असतो: ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, ए म्हणजे ८, बी प्लस म्हणजे ७, बी म्हणजे ६, सी म्हणजे ५, पी म्हणजे ४ आणि एफ म्हणजे शून्य. परीक्षेला गैरहजर राहिल्यासही शून्यच. किती गुणांना कोणती ग्रेड द्यायची, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांनुसार ठरवते. काही ठिकाणी गुणांचे पट्टे आधीच ठरलेले असतात, तर काही ठिकाणी संपूर्ण वर्गाची कामगिरी पाहून ते आखले जातात, आणि या दुसऱ्या पद्धतीत एखाद्या अवघड पेपरातील ५५ गुणांनाही उत्तम ग्रेड मिळू शकते.

आता श्रेयांकांकडे, म्हणजे ज्यांना सगळे क्रेडिट म्हणतात त्यांच्याकडे वळू. श्रेयांक हे विषयाचे वजन आहे. सत्राच्या सुमारे १५ आठवड्यांत दर आठवड्याला एक तास व्याख्यान झाले की एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेत त्यासाठी साधारण दुप्पट वेळ, असा ढोबळ हिशोब आपल्याकडे असतो. युरोपातील ईसीटीएस पद्धतीत केवळ वर्गातील तास न धरता विद्यार्थ्याचे सगळे श्रम मोजले जातात: पूर्ण वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम. त्यामुळे दोन देशांतील श्रेयांक एकमेकांत जसेच्या तसे मिसळता येत नाहीत.

सरासरी काढण्याचे सूत्र एका ओळीचे आहे: प्रत्येक विषयाचे श्रेयांक गुणिले त्या विषयाचा ग्रेड पॉइंट, या सर्व गुणाकारांची बेरीज, आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागायचे. एका सत्राचे हे उत्तर म्हणजे एसजीपीए आणि आजवरच्या सर्व सत्रांचे मिळून येते तो सीजीपीए. उदाहरणादाखल सहा विषयांचे एक सत्र घेऊ.

गणित: ४ श्रेयांक, ए, ४ × ८ = ३२
भौतिकशास्त्र: ४ श्रेयांक, बी प्लस, ४ × ७ = २८
अर्थशास्त्र: ४ श्रेयांक, बी, ४ × ६ = २४
प्रोग्रॅमिंग: ३ श्रेयांक, ए प्लस, ३ × ९ = २७
भाषा: २ श्रेयांक, ओ, २ × १० = २०
प्रयोगशाळा: १ श्रेयांक, ओ, १ × १० = १०

गुणाकारांची बेरीज १४१ आणि एकूण श्रेयांक १८, म्हणून एसजीपीए १४१ ÷ १८ = ७.८३. हेच सहा ग्रेड पॉइंट नुसते मिळवून सहाने भागले, तर ५० ÷ ६ = ८.३३ येते. हा अर्ध्या पॉइंटचा फरक आकाशातून पडलेला नाही. सूत्रात गणिताचे ८ चार वेळा मोजले जातात आणि प्रयोगशाळेचे १० एकदाच. एकूण अठरा खाने आहेत आणि प्रत्येक विषय आपल्या श्रेयांकांइतके खाने भरतो, असे डोळ्यांसमोर आणले की सूत्र पाठ करावे लागत नाही. इथे तर दोन्ही ओ ग्रेड हलक्या विषयांत आहेत आणि बी वजनदार विषयात, म्हणून साधी सरासरी फुगून दिसते. अभ्यासाचा वेळ वाटतानाही हेच गणित उपयोगी पडते: अर्थशास्त्रातील ग्रेड एका पायरीने सुधारली तर एसजीपीए ०.२२ ने वाढतो, तर एका श्रेयांकाच्या विषयातील एका पायरीमुळे जेमतेम ०.०६ ने.

संगणकावर हिशोब करणाऱ्यांची चूकही याच जागी होते. एक्सेलमधील ॲव्हरेज हे फंक्शन सगळ्या विषयांना समान धरते. आपल्याला समप्रॉडक्ट हवे असते, म्हणजे श्रेयांकांचा स्तंभ आणि ग्रेड पॉइंटचा स्तंभ यांच्या गुणाकारांची बेरीज, आणि मग तिला श्रेयांकांच्या बेरजेने भागणे.

सीजीपीए काढताना तीच चूक वेगळ्या रूपाने समोर येते. समजा, दुसऱ्या सत्रात २४ श्रेयांक होते आणि गुणाकारांची बेरीज १६२ झाली, एसजीपीए ६.७५ आला. आता ७.८३ आणि ६.७५ यांची सरासरी ७.२९ होते, पण खरा सीजीपीए (१४१ + १६२) ÷ (१८ + २४), म्हणजे ३०३ ÷ ४२ = ७.२१ आहे. दोन्ही सत्रांचे श्रेयांक समान असते तरच पहिला मार्ग बरोबर ठरला असता. म्हणून प्रत्येक सत्राअखेर एसजीपीए लिहून ठेवण्याऐवजी गुणाकारांची बेरीज आणि श्रेयांक हे दोन आकडे जपून ठेवावेत, आणि दशांशाची काटछाट अगदी शेवटी, एकदाच करावी.

पुढचे लक्ष्यही याच दोन आकड्यांवरून ठरवता येते. वरील विद्यार्थ्याला ८४ श्रेयांक पूर्ण होईपर्यंत सीजीपीए ७.५ करायचा असेल, तर ८४ × ७.५ = ६३० हवेत. त्यांतील ३०३ हाती आहेत, उरलेले ३२७ पुढच्या ४२ श्रेयांकांतून यायला हवेत, म्हणजे तेथे सरासरी ७.७९ राखावी लागेल.

अनुत्तीर्ण विषयाचा हिशोब जपून करावा. वरील पहिल्या सत्रात गणितात एफ आली असती, तर बेरीज १०९ झाली असती, पण श्रेयांक १८ च राहिले असते आणि एसजीपीए ६.०६ आला असता. अनेक जण तो विषय भाजकातूनही वगळतात आणि ७.७९ असे मनाला दिलासा देणारे उत्तर काढतात. काही विद्यापीठे मात्र अनुत्तीर्ण विषय असलेल्या सत्राचा एसजीपीए जाहीरच करत नाहीत. पुढे विषय सुटल्यावर जुन्या शून्याच्या जागी नवी ग्रेड येते की दोन्ही प्रयत्न मोजले जातात, याबाबतही नियम वेगवेगळे आहेत. ज्या विषयांना केवळ उत्तीर्ण असा शेरा मिळतो, ते अंशात आणि भाजकात, दोन्हीकडे धरायचे नसतात.

राहिला प्रश्न टक्केवारीचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ग्रेड देताना ६१ आणि ६९ गुण एकाच पट्ट्यात बसले असतील, तर त्यांतला फरक तेव्हाच पुसला गेलेला असतो आणि कोणत्याही सूत्राने तो परत आणता येत नाही. तरीही अर्जाच्या रकान्यात टक्के भरावेच लागतात. ७.२१ ला दहाने गुणले तर ७२.१ येतात, ९.५ ने गुणले तर ६८.५, आणि आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणले तर ६४.६. तिन्ही प्रकार वापरात आहेत. ९.५ चा गुणक सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी वापरला होता; तो पदवीच्या गुणपत्रकाला लावण्याचे काहीच कारण नाही. ज्या विद्यापीठाने ग्रेड दिली, त्याचेच सूत्र वापरावे आणि त्याचे पत्रक अर्जासोबत जोडावे.

परदेशी अर्जातही असेच रूपांतर लागते. जर्मन विद्यापीठे बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल ग्रेडमधून आपली ग्रेड वजा करायची, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण ग्रेड यांतील अंतराने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. कमाल १० आणि किमान उत्तीर्ण ४ धरल्यास आपले ७.२१ तेथे सुमारे २.४ होतात, आणि एवढ्या लहान आकड्याने दचकण्याचे कारण नाही, कारण तेथील मोजपट्टीत तो ‘चांगला’ या श्रेणीत बसतो.