सर्व्हरवरून आलेल्या एचटीएमएलला रिअ‍ॅक्ट कसं जोडायचं

पान सर्व्हरवर बनून ब्राउझरमध्ये आलंय, दिसतंय व्यवस्थित, पण बटण दाबलं की ढिम्म. आता त्याच एचटीएमएलला रिअ‍ॅक्टचे कम्पोनंट (पानाचे जावास्क्रिप्टने चालणारे तुकडे) जोडायचेत, पान परत न बनवता. यालाच हायड्रेशन म्हणतात. सर्व्हर रेंडरिंग (म्हणजे पान सर्व्हरवरच बनवणं) तुमच्याकडे चालू आहे असं धरूनच पुढचं लिहितोय.

१. कम्पोनंट पानाला जोडणारं फंक्शन निवडताना क्रिएटरूट नाही, हायड्रेटरूट. क्रिएटरूट वापरलंत तर रिअ‍ॅक्ट त्या डिव्हमधलं सगळं पुसून नव्याने बनवतं, सर्व्हरची मेहनत पाण्यात. हायड्रेटरूटला आधी डिव्ह द्यायचा, मग कम्पोनंट. जुन्या लेखांत नुसतं 'हायड्रेट' दिसेल, ते रिअ‍ॅक्ट १८ मध्ये (२०२२) मागे पडलं आणि १९ मध्ये काढूनच टाकलं, ते कॉपी करू नका.

२. सर्व्हरने ज्या डेटावर पान बनवलं तोच डेटा जेसन (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) करून स्क्रिप्ट टॅगमध्ये सोबत पाठवा, म्हणजे ब्राउझरमधलं पहिलं रेंडरही त्याच डेटावर होईल, त्यात < हे चिन्ह एस्केप केलेलं (म्हणजे ब्राउझर त्याला टॅग समजणार नाही असं बदलून लिहिलेलं) हवंच, नाहीतर कुणीही आपला कोड तुमच्या पानात घुसवेल.

३. आता खरी डोकेदुखी: मिसमॅच. ब्राउझरमधलं पहिलं रेंडर आणि सर्व्हरचं एचटीएमएल तंतोतंत सारखं लागतं. मजकूर वेगळा निघाला की रिअ‍ॅक्ट जवळच्या सस्पेन्सपर्यंतचं (पानाचा एखादा भाग वेगळा करणारा कम्पोनंट) सगळं टाकून देऊन ब्राउझरमध्ये परत बनवतं, आणि सस्पेन्स कुठेच नसेल तर अख्खं पान. क्लास किंवा लिंकसारखं अ‍ॅट्रिब्यूट वेगळं असेल तर त्याहून वाईट, कारण ते दुरुस्तच होत नाही, चुकीचं तसंच राहतं.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त होतं तारखांमुळे. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, ग्राहकाचा फोन साडेपाच तास पुढे. नुसती तारीख दाखवत असाल तर दिवसभर सगळं ठीक आणि रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्येच मिसमॅच, कारण तेव्हा सर्व्हरवर अजून कालचीच तारीख असते. ऑफिसच्या वेळेत हा बग कुणाला सापडणारच नाही, आणि तुमच्या लॅपटॉपवर तर रात्रीही नाही, कारण तिथे सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. म्हणून तारीख छापताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा स्वतः लिहून द्या आणि लोकल सर्व्हर मुद्दाम यूटीसीवर चालवून बघा.

आकड्यांचं पण तेच, लोकेल (भाषा आणि देशाप्रमाणे आकडे छापायची पद्धत) दिलं नाही तर अमेरिकन इंग्रजीवरचा सर्व्हर १००,००० छापतो आणि भारतीय इंग्रजीतला ब्राउझर १,००,०००, झाला मिसमॅच एका स्वल्पविरामावरून. लोकेल कायम स्पष्ट द्या. मराठी साइट असेल तर एमआर-आयएन द्या, आकडे आपोआप देवनागरीत येतात.

यावर जिथे तिथे दिला जाणारा सल्ला म्हणजे रेंडरमध्येच विंडो (फक्त ब्राउझरमध्ये असणारं ऑब्जेक्ट) आहे का ते तपासा आणि त्याप्रमाणे वेगळं दाखवा. अजिबात करू नका! मिसमॅच तयार करण्याचा तोच तर हमखास मार्ग आहे. लोकलस्टोरेजमधली (ब्राउझरमध्ये साठवलेली) थीम, स्क्रीनची रुंदी अशा फक्त ब्राउझरलाच माहीत असलेल्या गोष्टींसाठी पहिलं रेंडर सर्व्हरसारखंच ठेवा आणि बदल यूजइफेक्टमध्ये (पान दिसल्यानंतर चालणारा कोड) करा, एक रेंडर जास्त होतं, होऊ दे. दुसरा सल्ला सप्रेसहायड्रेशनवॉर्निंगचा, म्हणजे एलिमेंटवर लावून मिसमॅचचा इशारा दाबणाऱ्या प्रॉपचा. ते म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणं, त्याने मजकूर दुरुस्त होत नाही, फक्त इशारा बंद होतो, तोही त्या एका एलिमेंटपुरता. टिकटिकणाऱ्या घड्याळाला ठीक, बाकी कुठे नको.

कोड दोन्हीकडे सारखा असूनही इशारा येत असेल तर एचटीएमएलची रचना बघा. टेबलमध्ये टीबॉडी न लिहिता थेट टीआर टाकलात की ब्राउझर मधे स्वतःचा टीबॉडी घालतो, पी टॅगमध्ये डिव्ह ठेवलात की पी आधीच बंद करून टाकतो. आणि इन्कॉग्निटोमध्ये एकदा उघडून बघाच, कारण व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शन्स पानात आपले अ‍ॅट्रिब्यूट घुसवतात आणि तुम्ही उगाच आपला कोड उसवत बसता.

४. एकाच पानावर दोन-तीन वेगळे रूट जोडत असाल तर प्रत्येकाला वेगळा आयडेंटिफायरप्रीफिक्स (यूजआयडीने बनणाऱ्या आयडींच्या आधी लागणारा मजकूर, म्हणजे ते एकमेकांत मिसळत नाहीत) द्या, सर्व्हरवर जो दिला तोच ब्राउझरमध्ये.

५. हायड्रेटरूटला ऑनरिकव्हरेबलएरर (मिसमॅचसारख्या सावरलेल्या चुका कळवणारं फंक्शन) जोडा आणि त्यातले एरर तुमच्या लॉगमध्ये पाठवा, वेळेसकट, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे मिसमॅच सकाळी तिथे सापडतील.