टिन व्हिसल उन्हाळ्यात चढी वाजते, त्यावरचा इलाज

मे महिन्यात यवतमाळकडे पारा ४४-४५ वर गेला की डी पट्टीची टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची छोटी धातूची शिट्टीसारखी बासरी, पेटीशी जुळत नाही, चढीच वाजते. नळीतली हवा १ अंशानं तापली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर जातो. फुंकर कोमटच असल्यानं पूर्ण फरक दिसत नाही, पण जो उरतो तो कानाला खुपतो.

इलाज एकच, प्लास्टिकचं तोंड सरकतं करणं. स्वस्त पितळी व्हिसलमध्ये ते बहुधा चिकटवलेलं असतं. पाणी चांगलं कडक तापवा, पण उकळू नका. जोड तेवढाच ३० सेकंद बुडवा, फडक्यानं धरून आधी फिरवा, मग ओढा. नाही सुटला तर पुन्हा बुडवा. पक्कड लावू नका, नळी चेपली की व्हिसल गेलीच. जुना गोंद नखानं खरवडा. तोंड ढिलं बसलं तर टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा पुरतो.

तोंड १ मिमी बाहेर घेतलं की खालचा डी साधारण ६ सेंट उतरतो. वरची भोकं उघडी असताना हवेचा स्तंभ आखूड, म्हणून ते सूर जास्त उतरतात. ३ मिमीच्या पुढे गेलात तर सप्तकच वाकडं होतं.

वरचे सूर खरखरत असतील तर फुंकरीच्या फटीखालची पोकळी चिकट पुट्टीनं सपाट भरा. मेण नको, आपल्या उन्हात ते मऊ पडून सरकतं. भरण खिडकीत, म्हणजे तोंडावरच्या चौकोनी भोकात, आलं तर आवाजच बसतो.