तक्रार थेट साहेबांविरुद्ध आली तर? या चुका टाळा

लैंगिक छळाची तक्रार एखाद्या ज्युनियर इंजिनिअरविरुद्ध आली की कंपनीला लगेच कायदा आठवतो. तीच तक्रार प्लांट हेड, संचालक किंवा विभागप्रमुखाविरुद्ध आली की आठवतात त्यांची टार्गेटं, त्यांनी आणलेले क्लायंट आणि 'अहो, ते तसे नाहीत' हे वाक्य. मग चुका दोन दिशांनी सुरू होतात. काही जण प्रकरण दाबायला बघतात. काही जण, विशेषतः बाहेर बोभाटा झाला असेल तर, दोन आठवड्यांत उरकून मोकळे होतात. माझ्या मते या दोन्हींचा शेवट एकच: साहेब सुटतात. दाबलेल्या प्रकरणात लगेच, उरकलेल्या प्रकरणात कोर्टातून.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात, रस्ता बऱ्यापैकी आखून दिलेला आहे. अडचण येते ती तो रस्ता साहेबांच्या केबिनमधून जातो तेव्हा.

तक्रार कुठे द्यायची हेच चुकतं

दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती हवीच, आणि कंपनीची ऑफिसं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी. चाकणच्या युनिटमधल्या बाईला 'समिती मुंबईच्या हेड ऑफिसात आहे' असं सांगून चालत नाही. समिती नेमलीच नसेल तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता खरी मेख. साहेब हे मॅनेजर असतील तर तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. साहेब स्वतःच मालक असतील, किंवा मुळात दहापेक्षा कमी लोकांचं ऑफिस असेल (डॉक्टरांचं क्लिनिक, सीएचं ऑफिस, कपड्यांचं दुकान), तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची. मालकाने नेमलेली समिती मालकाचीच चौकशी करते आहे, हा प्रकार कायद्याला अपेक्षितच नाही. तरीही अनेक एचआर अशी तक्रार घेऊन ठेवतात आणि फाइल कपाटात जाते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात स्थानिक समितीची चौकशी करता येते. तालुक्याला तक्रार स्वीकारणारा नोडल अधिकारी असावा आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवावी अशी कायद्यातच तरतूद आहे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

'थांब जरा, मी बोलतो त्यांच्याशी'

हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो, पण त्याच्या भलेपणात तिची मुदत संपते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. घटना एकापाठोपाठ एक असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे दार बंद.

किती घट्ट बंद, हे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवलं. कोलकात्यातल्या कायदा विद्यापीठाच्या एका प्राध्यापिकेची तक्रार थेट कुलगुरूंविरुद्ध होती. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधे ऑगस्टमध्ये तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून हटवलं होतं आणि तोही छळाचाच भाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. तो कार्यकारी परिषदेचा सामूहिक निर्णय, आधीच्या घटनांशी त्याचा संबंध दिसत नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य. गंमत अशी, की त्याच निकालात न्यायालयाने हे प्रकरण कुलगुरूंच्या बायोडेटात कायम नमूद व्हावं असंही सांगितलं. म्हणजे प्रकरण विसरलं जाऊ नये, पण चौकशीही नाही. तिच्या हाती काय लागलं, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्यामुळे एचआरला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'मॅम, सरांबद्दल बोलायचंय' असा मेसेज आला, तर दुसऱ्या दिवशी तिला समितीचं नाव, ईमेल आणि तीन महिन्यांची मुदत लेखी कळवा. तिला लिहिता येत नसेल, सुचत नसेल तर मदत करणं समितीचं काम आहे. 'आधी लेखी द्या, मग बघू' म्हणून हात झटकणं बसत नाही कायद्यात.

आणि लिहायचं कसं? 'सर माझ्याशी नीट वागत नाहीत, मला असुरक्षित वाटतं' या वाक्यावर समितीला काहीच करता येत नाही. तेच असं लिहिलं तर: '१२ मार्चला संध्याकाळी सातनंतर रिपोर्ट दाखवायला केबिनमध्ये गेले. सरांनी दार लोटून घेतलं, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, लोणावळ्याच्या ऑफसाइटला आलीस तर तुझं प्रमोशन मी बघतो. मी नाही म्हटलं. १८ मार्चला मला प्रोजेक्टमधून काढल्याचा मेल आला, सोबत जोडला आहे.' तारीख, जागा, शब्द, नकार आणि नकारानंतर काय झालं. शेवटचा दुवा बहुतेक जणी लिहायच्या राहतात, आणि कोलकात्याच्या प्रकरणात वादही तिथेच झाला. बढतीचं आमिष आणि नोकरीवर गंडांतर येण्याची धमकी, उघड असो वा आडवळणाने, दोन्ही या कायद्यात छळच आहेत.

'पण हात लावला का?'

सुनावणीत हा प्रश्न अजूनही विचारला जातो, तोही जबाबदार माणसांकडून. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच दिलंय. तयार कपड्यांच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या अध्यक्षांच्या खासगी सचिवाने डिक्टेशनच्या निमित्ताने एका टायपिस्टला दिल्लीतल्या हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये नेलं होतं. उच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं, की त्याने फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्ष काही केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं आणि त्याची बडतर्फी कायम केली. अंगाला स्पर्श झालाच पाहिजे असं नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला प्रशिक्षणाला पाठवावं, आणि तोवर समितीवर बसवू नये.

साहेबांच्या सहीखाली तिला ठेवणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. तक्रार दाखल होते, चौकशी सुरू होते आणि त्याच काळात तिची रजा, शिफ्ट, प्रवासाचं बिल, अप्रेझल सगळं त्याच माणसाच्या लॉगिनमधून मंजूर होत राहतं. कुणी मुद्दाम करतं असं नाही, सिस्टिममध्ये 'रिपोर्टिंग मॅनेजर' बदलायचं कुणाला सुचत नाही एवढंच. तोवर साहेबांनी दोन रजा नाकारून निरोप पोचवलेला असतो.

कायद्याने यावर उपाय दिलाय. तिने लेखी विनंती केली तर चौकशी चालू असताना समिती मालकाला शिफारस करू शकते: तिची किंवा त्याची बदली करा, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या (ही तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही), आणि तिच्या कामाचा अहवाल लिहिण्याचं काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे द्या. बहुतेक ठिकाणी पहिल्या उपायातला अर्धाच वापरतात, तिची बदली. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून तिला नाशिकहून नागपूरला पाठवायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने मागितलं नसेल तर तिला हलवू नका. हलवायचं झालं तर त्याला हलवा.

याच्याच जोडीला पुरावा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तक्रार आली त्याच दिवशी संबंधित तारखांचं फुटेज, दारावरच्या कार्डाची नोंद आणि ऑफिसचे मेल वेगळे काढून ठेवायला सांगा. आणि हे सांगताना आयटीचा माणूस कुणाला रिपोर्ट करतो ते आधी पाहा.

समितीचंही तेच. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. पण ती 'वरिष्ठ' महिला साहेबांच्याच हाताखालची असली तर तिच्याकडून कठोर प्रश्नांची अपेक्षा कशी करायची? कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसमधली वरिष्ठ महिला अध्यक्ष नेमण्याची सोय कायद्यात आहे. समिती बनवतानाच हा विचार करायला हवा. सुनावणीची खोलीसुद्धा जपून निवडा. काचेची कॉन्फरन्स रूम, बाहेरून सगळा फ्लोअर बघतोय आणि दर वीस मिनिटांनी चहा घेऊन येणारा मुलगा आत काय चाललंय ते डोळ्यांत साठवून जातोय, अशा खोलीत कुठलीही बाई मोकळेपणाने बोलत नाही. साक्षीदार तर नाहीच.

'दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाका'

समेट होऊ शकतो, पण तिने मागितला तरच, आणि चौकशी सुरू होण्याआधी. त्यात पैशांची देवाणघेवाण हा पाया असू शकत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये बोलावून 'सर सॉरी म्हणतायत, आता विषय संपव' हा समेट नव्हे, दबाव आहे. साहेबांनाही एक सल्ला: तक्रार कळल्यावर तिला मेसेज करू नका, कॉमन मित्राला मध्ये घालू नका, बायकोला फोन करायला लावू नका. तुम्ही निर्दोष असाल तरी हेच मेसेज उद्या तुमच्याविरुद्ध वाचले जातील.

उरकून टाकणं

आता दुसरी दिशा. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने शेवटच्या टप्प्यात बैठकांचा सपाटा लावला, त्याची वेळ मागण्याची विनंती बाजूला सारली, चौकशी एकतर्फी पूर्ण केली आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण नव्याने चौकशीसाठी समितीकडे परत पाठवलं. चौदा वर्षांनी! आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून. तक्रार करणाऱ्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील.

म्हणून साहेबांचा कितीही राग आला तरी वेळापत्रक पाळा. तक्रारीची प्रत त्यांना कामाच्या सात दिवसांत द्या, उत्तराला कामाचे दहा दिवस द्या, साक्षीदारांचे जबाब दाखवा, प्रश्न विचारण्याची संधी द्या, गरज तिथे ते प्रश्न समितीमार्फत. वकील दोन्हीकडून नको. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेतच. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना कुणी आलं नाही तर पंधरा दिवसांची आगाऊ लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो, त्याआधी नाही. हे सगळं नव्वद दिवसांत बसतं. भिजत घोंगडं ठेवायची गरज नाही आणि गाडी पळवायचीही नाही.

खोट्या तक्रारीची धास्ती

'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' हे सांगून अनेक जणींना गप्प केलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. दुष्ट हेतूने, जाणूनबुजून खोटं रचलं हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

गोपनीयतेबद्दल एकच सांगतो: नावं फोडणाऱ्याकडून पाच हजार रुपये वसूल करण्याची तरतूद आहे, आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा 'कळलं का?' हा मेसेजसुद्धा त्यात येऊ शकतो.

राजीनामा आला म्हणून फाइल बंद

मोठे साहेब बऱ्याचदा मधेच राजीनामा देतात. कंपनी सुटकेचा नि:श्वास टाकते, रिलीव्हिंग लेटर देते, निरोप समारंभाला केक कापते आणि ते पुढच्या कंपनीत आणखी वरच्या पदावर जातात. राजीनामा आला तरी चौकशी पूर्ण करा, अहवाल द्या. अहवाल मिळाल्यावर शिफारशींवर साठ दिवसांत कारवाई करायची असते, आणि कुणालाही तो मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील करता येतं.

पोलिसांत जाण्याचा मार्ग या सगळ्याच्या समांतर खुला असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी, ७८ पाठलागासाठी. तिला तक्रार द्यायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे, 'आधी समितीचं संपू दे' म्हणून थांबवता येत नाही. आणि साहेब शिक्षा भोगून त्याच फ्लोअरवर परतणार असतील, तर येत्या एप्रिलमध्ये तिच्या अप्रेझलवर सही कोण करणार, हे अहवाल स्वीकारतानाच लेखी ठरवून ठेवा.