विद्यापीठापूर्वीची दोन वर्षे आंतरराष्ट्रीय निवासी महाविद्यालयात: अर्जापासून निकालापर्यंत

शालान्त परीक्षेनंतर आणि विद्यापीठापूर्वी येणारी दोन वर्षे परदेशातील निवासी महाविद्यालयात घालवण्याचा विचार बहुधा पुढच्या प्रवेशाकडे डोळे ठेवून केला जातो. माझे मत असे आहे की हा विचार येथेच चुकतो. वेल्समधील सेंट डोनॅट्स येथील किल्ल्यात 1962 साली ॲटलांटिक कॉलेज सुरू झाले, ते निराळ्या हेतूने. काल-परवापर्यंत एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे लष्करी अधिकारी नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात एकत्र शिकताना जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी पाहिले होते, आणि हेच सोळा-सतराव्या वर्षी का घडू नये, असा प्रश्न त्यांना पडला होता. या महाविद्यालयापासून वाढत गेलेली युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, म्हणजे यूडब्ल्यूसी, ही संस्था आज कॅनडापासून नॉर्वे आणि एस्वातिनीपर्यंत पसरली आहे. ज्याला ही दोन वर्षे केवळ पायरी म्हणून हवी आहेत, त्याने घरी राहून शिकावे. त्यात कमीपणा काही नाही.

अर्जाची तयारी साधारण वर्षभर आधी सुरू करावी. यूडब्ल्यूसीकडे अर्ज बहुतेक वेळा थेट महाविद्यालयाकडे न जाता आपल्या देशाच्या राष्ट्रीय समितीमार्फत जातो, निवडही तीच करते आणि शिष्यवृत्ती कुटुंबाची आर्थिक गरज पाहून ठरते. इतर निवासी महाविद्यालयांची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकाचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत. निबंधात पदके आणि प्रमाणपत्रे यांची यादी देण्यापेक्षा एकच गोष्ट नीट सांगावी: आपण कोणते काम कोणी न सांगता हाती घेतले, ते कोठे अडले आणि तेव्हा आपण काय केले. निबंध पालकांनी किंवा शिकवणीच्या शिक्षकांनी लिहून देऊ नये. मुलाखतीत त्यातील एखाद्या वाक्यावर प्रश्न विचारला गेला, की दुसऱ्याचे शब्द लगेच उघडे पडतात.

शिष्यवृत्तीचे पत्र हाती आल्यावर आनंदाच्या भरात काही प्रश्न विचारायचे राहून जातात, ते त्याच दिवशी लेखी विचारावेत. विमानप्रवास, व्हिसा, आरोग्यविमा आणि परीक्षाशुल्क यांचा खर्च कोण करणार? दीर्घ सुट्टीत वसतिगृह बंद होते का, आणि होत असेल तर दूर देशातील विद्यार्थ्याने तोवर कोठे राहायचे? अल्पवयीन विद्यार्थ्यासाठी काही देशांत स्थानिक पालक नेमावा लागतो. त्याची व्यवस्था कोणी करायची? उत्तर मोघम आले, तर पुन्हा विचारण्यात संकोच बाळगू नये.

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे विषयांची निवड. यूडब्ल्यूसीच्या महाविद्यालयांत आणि अशा इतर अनेक ठिकाणी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी, डिप्लोमा शिकवला जातो. त्यात सहा विषय असतात; किमान तीन हायर लेव्हलला, उरलेले स्टँडर्ड लेव्हलला. हायर लेव्हलच्या विषयाला 240 तास अध्यापन अपेक्षित असते आणि स्टँडर्डला 150, त्यामुळे हा फरक केवळ नावापुरता नाही. प्रत्येक विषयाला 7 गुण असतात, स्वतंत्र संशोधन-निबंध आणि ज्ञानमीमांसा, म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून याचा विचार करणारा अभ्यासक्रम, यांचे मिळून 3, असे एकूण 45. गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत आणि अभियांत्रिकीची अनेक विद्यापीठे त्यांतील विश्लेषणावर भर देणाराच, तोही हायर लेव्हलला, मागतात. वैद्यकशास्त्रासाठी बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागते. म्हणून मनात असलेल्या तीन-चार अभ्यासक्रमांच्या अटी आधी वाचाव्यात आणि मगच विषय ठरवावेत. सत्र सुरू झाल्यावर विषय बदलण्याची मुभा बहुधा पहिल्या काही आठवड्यांपुरतीच मिळते.

मातृभाषेबद्दल एक सोय अनेकांना ठाऊक नसते. महाविद्यालयात आपल्या भाषेचा शिक्षक नसला, तरी तिचे साहित्य स्वयंअध्ययनाने स्टँडर्ड लेव्हलला घेता येते. पुस्तके आपणच निवडायची, महाविद्यालयातील एक शिक्षक देखरेख करतो आणि परीक्षा आपल्या भाषेत होते. त्याच्या जोडीला इंग्रजी साहित्यही मातृभाषेच्या पातळीवर घेतले आणि दोन्हींत किमान 3 गुण मिळवले, तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. घरापासून हजारो मैलांवर, रात्री टेबलाशी बसून आपल्या भाषेतील कवितेवर आपल्याच भाषेत टिपण लिहिणे ही फार मोठी सोबत असते. मी ही सोय मनापासून सुचवतो.

खरी परीक्षा मात्र खोलीत होते. समजा एका खोलीत चौघे आहेत. एक जण पहाटे प्रार्थनेला उठतो, दुसरा घरच्या वेळेनुसार मध्यरात्री आईशी फोनवर बोलतो, तिसऱ्याला दिवा लावल्याशिवाय झोप येत नाही आणि चौथ्याला दिव्याने येत नाही. पहिला आठवडा सगळे सभ्यपणे सोसतात, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी दार आपटते. म्हणून दुसऱ्याच संध्याकाळी चौघांनी बसून झोप, दिवा, फोन, पाहुणे आणि स्वच्छता यांबद्दल चार ओळी लिहाव्यात, कपाटाच्या दाराला चिकटवाव्यात आणि महिन्याने पुन्हा वाचाव्यात. आपल्याच देशातील मुलांच्या घोळक्यात राहण्याची ओढ स्वाभाविक आहे, परंतु जेवणाचे टेबल निदान दिवसातून एकदा बदलावे. घरी दररोज तासभर फोन करण्यापेक्षा आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी मोकळेपणाने बोलावे; पालकांनीही मुलगा रडला म्हणून लगेच तिकीट काढू नये. मात्र झोप, भूक किंवा वर्गातील उपस्थिती सलग बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे जाणे लांबवू नये.

अभ्यासात पहिले वर्ष सैल सोडण्याची चूक बरेच जण करतात. दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभीच शिक्षक अपेक्षित गुण कळवतात आणि अनेक विद्यापीठे त्यांवरून सशर्त प्रवेश देतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या अर्जांची मुदत तर ऑक्टोबरच्या मध्यासच संपते. चार हजार शब्दांच्या मर्यादेतील संशोधन-निबंधाचा विषय पहिल्या वर्षअखेरीस निश्चित करून त्याचा कच्चा मसुदा सुट्टीत पूर्ण करावा. आयबी डिप्लोमाचाच भाग असलेल्या समाजसेवा, खेळ आणि कला यांच्या नोंदी त्या-त्या आठवड्यातच लिहाव्यात, कारण हे काम सुमारे अठरा महिने चालते आणि मागाहून आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला कळते. निकाल कोणत्या विद्यापीठांकडे पाठवायचा, त्यांची नावे परीक्षेपूर्वीच आयबी समन्वयकाकडे नोंदवावीत आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत जपून घरी आणावी, कारण हा डिप्लोमा मायदेशातील परीक्षेच्या बरोबरीचा मानला जावा म्हणून करायच्या समकक्षतेच्या अर्जासोबत ती मागितली जाऊ शकते.