हर्शीच्या आरव्ही शोला जाताय? दिवस असा लावा

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात दर सप्टेंबरात आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या चाकांवरच्या घरांचा शो भरतो आणि 'अमेरिकेतला सर्वांत मोठा' असं बिरुद मिरवतो. जायंट सेंटर या आइस हॉकीच्या स्टेडियमबाहेर, पार्किंगच्या डांबरावर, हजाराच्या वर गाड्या ओळीने उभ्या असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनहून हे अंतर अडीच तासांचं. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत 'सकाळी शो, दुपारी चॉकलेट वर्ल्ड (हर्शी चॉकलेटचं तिथलं पर्यटनस्थळ)' असा बेत हमखास ठरतो. तो आधी मोडा. शो नीट बघायचा तर दिवस पुरत नाही.

निघण्याआधी घरी

पहिला प्रश्न आरव्हीचा नाही, तुमच्या गाडीचा आहे. दारात होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना असेल, तर ती जास्तीत जास्त ३,५०० पौंड ओढते. म्हणजे शोमधले बहुतेक ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायच्या आरव्ही) तिथेच बाद. फिफ्थ व्हील ट्रेलरचा जोड पिकअप ट्रकच्या हौद्यात बसतो. पिकअप घ्यायचा नसेल तर त्या ओळींकडे फिरकूच नका. वेगळं ओढायला नको, घर आणि इंजिन एकत्रच हवं, तर क्लास ए (बससारखी), क्लास बी (व्हॅन) आणि क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, केबिनवर पलंग असलेली) यांतून निवड करा. यादीत पाच-सहा मॉडेलं पुरेत. तिकीट ऑनलाइन काढा आणि जमलं तर बुधवार ते शुक्रवारमधला दिवस धरा. शनिवारी गाडीच्या दाराशीही रांग लागते.

पायात सहज काढता-घालता येतील असे बूट हवेत, कारण दिवसभर पायऱ्या चढायच्या-उतरायच्या आहेत. टोपी आणि पाणी विसरू नका, डांबर तापतं.

सकाळ: कमी गाड्या, जास्त वेळ

सगळे शिरतात ती पहिली ओळ सोडून टोकाच्या ओळीपासून सुरुवात करा. प्रत्येक गाडीचा पहिला फोटो दाराजवळच्या नाव-किमतीच्या पाटीचा काढा, मग आतले. दहाव्या गाडीनंतर सगळे राखाडी सोफे एकसारखे दिसायला लागतात.

आत गेलात की दार लावून घ्या आणि राहायलाच आलो आहोत असं वागा. सगळ्यांनी एकदम आपापल्या जागी बसा. पलंगावर आडवे व्हा: 'आरव्ही क्वीन' गादी बरेचदा ७५ इंच लांब असते, घरातल्या क्वीनपेक्षा पाच इंच कमी. उंच माणसाचे पाय बाहेर. संडासात बसून दार लागतं का बघा, शॉवरमध्ये हात वर करून केस धुतल्यासारखं करा. लाज वाटेल, पण शोमध्ये सगळे हेच करतात.

मग स्वयंपाकघर. शेगडीवर वरच्या कपाटापर्यंत किती जागा आहे ते मोजपट्टीने मोजा. पाच लिटरचा कुकर शिट्टीसकट मावला पाहिजे. एक्झॉस्ट पंखा हवा खरंच बाहेर फेकतो की जाळीतून फिरवून परत आत सोडतो, हे बाहेरून झडप बघून खात्री करा. मिरचीची फोडणी दिल्यावर याचं महत्त्व सगळ्यांना एकदम कळतं.

विक्रेत्याला स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, आत घ्यायला सांगा. ती मिटल्यावर फ्रिज उघडतो का, संडासापर्यंत जाता येतं का? नाहीतर हायवेवर रेस्ट एरियात थांबल्यावर मुलाला दूधही देता येत नाही. सहा महिने राहायला येणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांना त्या लोखंडी पायऱ्या चढायला लावा. तुम्ही चढून उपयोग नाही.

पिवळा कागद

ट्रेलरच्या दारापाशी एक पिवळा स्टिकर असतो. सामानाचं वजन किती पौंडांच्या वर जाता कामा नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. चकचकीत माहितीपत्रकापेक्षा हा कागद खरा. समजा १,२०० पौंड लिहिलंय. पाण्याची टाकी ४० गॅलनची, एक गॅलन साधारण ८.३ पौंड, म्हणजे ३३० पौंड पाण्यातच गेले. उरलेल्यात भांडी, कपडे, सायकली, खुर्च्या, किराणा आणि जनरेटर बसवा. जोडाच्या टोकावर येणारा भारही विचारा. साधारणपणे तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असतो, आणि तो तुमच्या गाडीच्या पाठीवर पडतो.

टाक्या तीन प्रकारच्या: स्वच्छ पाणी, सिंक-शॉवरचं सांडपाणी आणि मैला. संडासात जेट स्प्रे बसवायचा विचार असेल, तर ते पाणी मैल्याच्या टाकीत जातं आणि टाकी लवकर भरते. आपल्या घरांनी ही टाकी मोठीच बघावी.

विक्रेत्याशी बोलताना

'ही किंमत फक्त शोपुरती' हे वाक्य सगळीकडे ऐकू येईल. ऐकून घ्या आणि कर, नोंदणी, डीलरचे आकार धरून शेवटचा आकडा कागदावर मागा. महिन्याच्या हप्त्यावर बोलू नका. आरव्हीचं कर्ज १५-२० वर्षांचंही मिळतं, त्यात कुठलाही हप्ता छोटा दिसतो. वॉरंटीतली दुरुस्ती कुठे होणार हे नक्की विचारा. तीन तासांवरच्या डीलरकडे स्वस्तात घेतली, आणि घराजवळचा डीलर दुसरीकडची गाडी हात लावायला तयार नाही, असं होऊ शकतं. तांत्रिक प्रश्न कंपनीच्या माणसाला विचारा. तो सहसा गाडीजवळच असतो आणि त्याला विक्रीची तितकी घाई नसते.

त्या दिवशी आगाऊ रक्कम देऊ नये असं माझं मत. दिलीच, तर ती परत मिळते का, ते पावतीवर लिहून घ्या.

चार वाजता

यादीतल्या दोन गाड्या उरल्या असतील. त्यांत परत जा, आता मुलं कंटाळलेली आणि सगळे भुकेले असताना. पावसाळी दुपार याच गाडीत, याच माणसांबरोबर काढायची आहे. त्यातही एक आवडली, तर तशाच प्रकारची गाडी आधी एका वीकेंडला भाड्याने घ्या. क्लास सी भाड्याने सहज मिळते. फिफ्थ व्हील मिळणं अवघड.