चीनच्या प्रवासात थर्मास हवाच

चीनमध्ये नळाचे पाणी थेट पिण्याजोगे नसते, त्यामुळे पाणी उकळूनच पिण्याची सवय तिथे घरोघरी आहे. खानावळीत बसताच पुढ्यात येतो तो बहुधा कोमट पाण्याचा किंवा चहाचा पेला. म्हणूनच तिकडे जाताना झाकण घट्ट बसणारा, अर्धा लिटरचा स्टीलचा थर्मास आवर्जून सोबत घ्यावा. रेल्वे स्थानकांवर आणि गाडीत डब्यांच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्या उकळलेल्या पाण्याला 'खायश्वेइ' म्हणतात आणि ते फुकट मिळते. बीजिंग ते शांघाय हे सुमारे 1,300 किलोमीटरचे अंतर वेगवान गाडी साडेचार-पाच तासांत कापते. तेवढ्या वेळात सहप्रवासी दोन-तीनदा उठून चहाच्या त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतून घेताना दिसतात. शाकाहारी माणसाला तर हा नळ मोठाच आधार वाटतो, कारण घरून नेलेल्या तयार पोह्यांवर वा उपम्यावर ते पाणी ओतून झाकून ठेवले की पाच-सात मिनिटांत खाणे तयार होते. थर्मास मात्र काठोकाठ भरू नये, आणि मेट्रोच्या तपासणीत त्यातला एक घोट पिऊन दाखवायला सांगितले तर गोंधळून जाऊ नये.